भाताला रात लागते

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाईंदर स्टेशनाबाहेर झेंडूचे ढीग लागतात. आंब्याचे टाळे, आपट्याच्या डहाळ्या, आणि तयार तोरणांत खोचलेल्या भाताच्या लोंब्या. बाकीच्या बायका फुलं बघतात, मी लोंब्या बघते. एकेक तोरण उचलायचं, लोंबी चिमटीत धरायची, एखादा दाणा नखाने सोलून दाताखाली घ्यायचा. पोचट निघाला की तोरण खाली. यंदा फुलवाली वैतागलीच. "ओ मावशी, दाराला लावायचंय की कुकरला?" म्हणाली. आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. पण भरलेल्या दाण्यांचं तोरण मिळाल्याशिवाय तिथून हलले नाही. दरवर्षी हेच होतं, आणि आता ते माझ्या वयाला शोभूनही दिसतं.

घरी येईपर्यंत दिवेलागण झालेली असते. आमच्या रस्त्यावरचे पांढरे दिवे हल्ली आपले आपण लागतात. कुणी लावत नाही, कुणी विझवत नाही. उजेड एवढा की सुईत दोरा ओवावा. माझी काही तक्रार नाही. अंधाराचं कौतुक करणाऱ्या माणसांचा मला रागच येतो, कारण त्यातल्या बहुतेकांना अंधारातून रोज घरी यावं लागलेलं नसतं. मला लागलं होतं. तरीसुद्धा आश्विन आला की हे दिवे लागताना पाहून मी पुन्हा त्या जुन्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

आम्ही गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो ते अठ्ठ्याऐंशी साली. मी, नवरा, शाळकरी मुलगा आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळे माई म्हणत. आमची चार मजली इमारत खारी गावाच्या अंगाला, शेतात एकटीच उभी होती. दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि चक्क गॅलरी. माईंनी पहिल्या दिवशी नळ तीनदा सोडून पाहिला. पण संध्याकाळ झाली आणि आमच्या लक्षात आलं की खिडकीबाहेर काहीच नाही. गिरगावात मी जन्मात कधी मान वर करून रस्त्यावरचा दिवा पाहिला नव्हता. तो असतोच, असं धरून चाललेलं. इथे आल्यावर कळलं की तोही कुणीतरी आणावा लागतो.

मोठ्या रस्त्यापासून आमच्या फाटकापर्यंत अडीचशे पावलांची मातीची वाट होती. ही पावलं मी मोजलेली आहेत, कारण अंधारात दुसरं काही मोजता येत नव्हतं. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला भाताचं एक खाचर. मधोमध, खाचराच्या बांधाला लागून, एक लोखंडी खांब. खांब होता, दिवा नव्हता. ऑफिस सुटून मी त्या वाटेच्या तोंडाशी पोचायची तेव्हा साडेसात वाजलेले असत. बेडकांचा गोंगाट, चिखलाचा वास, आणि पुढे आमच्या इमारतीच्या खिडक्या, दिसायला जवळ आणि पोचायला लांब. त्या पहिल्याच पावसाळ्यात एकदा माझा पाय घसरला आणि मी गटारात पडले. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत मी पलंगावर बसून अर्ज लिहिले.

अर्ज लिहायला मी तशी तरबेज, नोकरीच कारकुनाची. इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. चालायला लागल्यावर लंगडत लंगडत नगरपालिकेच्या कचेरीत गेले, एकदा नाही, चांगली पाच-सहा वेळा. शेवटी तिथला माणूस मला लांबूनच ओळखायला लागला. पुढच्या श्रावणात खांबावर दिवा आला. त्याचा खटका आमच्या फाटकाशेजारच्या एका लोखंडी पेटीत होता. वायरमनने पेटीची किल्ली माईंच्या हातात दिली. "आजी, रोज संध्याकाळी खटका खाली, सकाळी वर. मला रोज एवढ्या लांब यायला जमत नाय," म्हणाला. माईंना आयुष्यात कुणी एवढी मोठी जबाबदारी दिली नव्हती.

मग आमच्याकडे दिवेलागण दोनदा व्हायला लागली. माई आधी देवाजवळ निरांजन लावायच्या, मग किल्ली कनवटीला लावून तीन जिने उतरायच्या आणि रस्त्याचा दिवा लावायच्या. तो दिवा लगेच पेटत नसे. आधी जांभळट, मग निळसर, आणि पाचेक मिनिटांनी पांढरा व्हायचा. तो पुरता पांढरा होईपर्यंत माई हात जोडून उभ्या राहायच्या. मी वाटेच्या तोंडाशी पोचले की तो लख्ख पडलेला असायचा. गटार इथे, वाट तिथे, सगळं स्पष्ट. पहिल्या दिवशी मी त्या उजेडातून मुद्दाम सावकाश चालत आले. एवढा अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता.

खाचर नामाकाकांचं होतं. नामाकाका खारीचे, जुने शेतकरी. आमची इमारत जिथे उभी होती ती जमीनही पूर्वी त्यांच्याच भाऊबंदांची. सगळ्यांनी आपापले तुकडे बिल्डरांना दिले, काकांनी हा एकच राखला होता. खाऱ्या जमिनीत तगणारं लाल भात ते त्यात लावत, आणि बियाणंही घरचंच, त्यांच्या आईच्या वेळेपासूनचं. माणूस काटक, कमी बोलणारा. आम्हा नव्या लोकांना लांबून मान हलवायचे, एवढंच.

दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. गॅलरीतून पाहिलं तर खाचर सोन्यासारखं पिवळं झालेलं. फक्त खांबाखाली, अर्ध्या भाकरीसारखा अर्धगोल, खोलीएवढा एक तुकडा हिरवागार. बाकीचं भात वाकलेलं आणि हे ताठ उभं. मला कोण आनंद झाला! रविवारी सकाळी काका बांधावर उभे दिसले तेव्हा मी मुद्दाम खाली गेले आणि म्हणाले, "काका, आमच्या दिव्याचा तुम्हालाही फायदा झाला बघा. तेवढं भात कसं तजेलदार दिसतंय!"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी थट्टा करतेय का, ते बघत असावेत. थट्टा नाही हे लक्षात आल्यावर ते खाली वाकले, एक हिरवं ताट उपटलं, त्याचं पातं सोलून माझ्यापुढे धरलं.

"बगा वैनी. पोटात काय हाय?"

काहीच नव्हतं. पानाच्या आत पान.

"ह्ये निसवलंच न्हाय. लोंबीच न्हाय आली. तुमचे दिव्यानं त्याला रात झालीच न्हाय."

"म्हणजे?"

"भाताला रात लागते, वैनी. भादव्यात काली रात मिलाली, तवा त्याला कलतं का आता लोंबी टाकाची येल झाली. दिवा रातभर डोल्यावर असल, तर त्याला कसा कलंल?"

आज कुणी मला हे सांगितलं तर मी तोंडावर हात ठेवीन. तेव्हा मी काय केलं? मी चिडले. माझ्या पायाचं हाड मोडलं होतं, मी कचेरीचे उंबरे झिजवले होते, आणि हा माणूस मला गवताची झोप सांगत होता. "मग मी काय पायाला कंदील बांधून येऊ?" असं मी ताडकन म्हणाले आणि वर निघून आले. चार दिवसांनी कापणी झाली. तो हिरवा तुकडा त्यांनी कापून गुरांना घातला. गॅलरीतून मला ते दिसलं, आणि मी वाळत घातलेल्या चादरीआड झाले.

खरं सांगायचं तर वर्षभर ती अर्धी भाकरी माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. खाचर मुळात केवढंसं! त्यातला इतका भाग गेला, आणि वाटेवर आणखी दोन खांब मंजूर झाले होते. माझ्याच अर्जावर. तिन्ही दिव्यांचा उजेड पडला असता तर काकांच्या आईचं बियाणं दोन पावसाळ्यांत संपलं असतं. एकीकडे ते आणि एकीकडे माझा घोटा. रात्री दिवा बघून बरं वाटायचं आणि बरं वाटल्याबद्दल वाईट वाटायचं. माईंना मी सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून खटका ओढल्यावर हात जोडायचं त्यांनी बंद केलं.

पुढच्या भाद्रपदात, गौरी-गणपती गेल्यावर, नामाकाका आमच्या दारात आले. चपला जिन्यात काढलेल्या, हातात कंदील. माईंनी पाट दिला, पण ते उभेच राहिले.

"मावशी, येक मैना दिवा बंद ठेवा. आनि वैनी, तुमी भिऊ नका. मी ऱ्हाईन उबा वाटंवर. सगल्या बाया घरला येईस्तवर. रोज."

"आणि पाऊस आला तर?" मी विचारलं. स्वतःचा आवाज मला फार कोरडा वाटला.

"पाऊस आला तर भिजन."

इमारतीची मीटिंग घ्यावी लागली. चेअरमन शाहभाई पहिल्या मजल्यावर राहायचे, माणूस सज्जन. ते हैराण झाले. "भाभी, लाइट के लिए सबसे ज़्यादा दौड़धूप आपने किया. अभी आप ही बोलते हो बंद करो?"

"एक महीने का सवाल है, शाहभाई. उनका चावल रात को सोता है."

"चावल सोता है?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. सगळे हसले. मग काकांनी आदल्या वर्षी मला दाखवलेलं ते सोललेलं ताट मी हाताने करून दाखवलं, पोट रिकामं कसं होतं ते सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच रडू फुटलं. ते बघून हसणं थांबलं. "ठीक है, एक महीना," शाहभाई म्हणाले. "लेकिन कोई गिरा तो आपकी जवाबदारी." माझी नसेल तर कुणाची?

माझ्या आयुष्यात दिव्याचे महिने खूप आले. मला आठवतो तो हा बिनदिव्याचा. साडेसातला वाटेच्या तोंडाशी पोचावं तर पुढे अंधार, आणि त्यात कमरेच्या उंचीवर एक पिवळा ठिपका. कंदिलाची खाचराकडची बाजू काकांनी गोणपाटाने झाकलेली. मी हसून म्हणायची, "काका, एवढ्याशा कंदिलाने काय होतंय?" तर म्हणायचे, "आपन झोपलेले पोराचे तोंडावर कंदील धरताव का?" मग ते पुढे आणि आम्ही दोघी-तिघी मागे. त्यांच्याशी बोलणंही त्याच वाटेवर सुरू झालं. भाताचा वास रोज बदलतो हे मला तिथे कळलं. आधी नुसता पाण्याचा, मग हिरवा, आणि एके दिवशी कच्च्या दुधासारखा. "निसवलं," काका हळूच म्हणाले, घरात बाळ झोपलेलं असावं तसे. वर बघितलं तर चांदण्या होत्या. भाईंदरला चांदण्या आहेत हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून शाहभाई स्वतः टॉर्च घेऊन फाटकात उभे राहायला लागले, टॉर्चचं तोंड जमिनीकडे करून. "चावल को डिस्टर्ब नहीं होना चाहिए," म्हणायचे, आणि आता ते थट्टेने म्हणत नव्हते.

महिना संपायला तीन-चार दिवस उरले असताना हस्ताचा पाऊस आला. विजा, वारा, आडवी झड. मी वाटेच्या तोंडाशी पोचले तर पिवळा ठिपका नाही. वारा कंदील टिकू देत नव्हता. गटार भरून वाहत होतं, त्याचा नुसता आवाज येत होता, आणि माझा मोडलेला घोटा आपोआप ठणकायला लागला. पाऊल उचलेना. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला काकांचा, भाताचा, सगळ्याचा राग आला. तेवढ्यात पलीकडून, फाटकातून, माईंचा आवाज आला. वीज चमकली तेव्हा दिसल्या, छत्री घेऊन पेटीपाशी उभ्या होत्या. "अगं ए, दिसतंय का? लावू का दिवा? लावू?"

काका अंधारात कुठेतरी होते. त्यांनी ऐकलं असणारच. पण ते "नको" म्हणाले नाहीत.

मी ओरडून म्हणाले, "नको, माई! येते मी!"

आणि मग अगदी जवळून आवाज आला, "वैनी, माजे बोलन्यावर या. डाव्या हाताला बांध हाय. घाबरू नका, मी गटाराचे बाजूला हाय." ते गटाराच्या काठाने चालत होते, पडलेच तर आधी ते पडावेत म्हणून, आणि सारखे बोलत होते. आता खांब आला, हात लावा. आता दगड हाय. आता सपाट. अडीचशे पावलं मी त्या आवाजाला धरून आले. फाटकात माईंनी माझ्या डोक्यावर पदर टाकला आणि काकांना एवढंच म्हणाल्या, "घरी जा हो आता. भिजलात." दहा मिनिटांच्या उजेडाने तेव्हा काहीच बिघडलं नसतं, लोंब्या तर केव्हाच बाहेर पडल्या होत्या. हे आज मला कळतं. काकांना तेव्हाही कळत असणार. पण त्या "नको"नंतर ते मला घरचं माणूस समजायला लागले.

त्या वर्षी खाचर या बांधापासून त्या बांधापर्यंत एकसारखं पिवळं झालं. हिरवी भाकरी कुठेच नाही. दसऱ्याला सकाळी दार उघडलं तर चौकटीला लोंब्यांची जुडी बांधलेली. काका बांधून, न सांगता निघून गेले होते. मी एक दाणा सोलला आणि दाताखाली धरला. भरलेला होता. तीच माझी सवय, फुलवालीला वैताग आणणारी.

मग दरवर्षी असंच ठरून गेलं. गौरी गेल्या की माई खटका ओढायच्या थांबायच्या, कुणी सांगावं लागायचं नाही. संध्याकाळी वाटेवर कंदील यायचा. नवे दोन खांबही आले, तेही त्या महिन्यात गप्प उभे राहायचे. अशी चार-पाच वर्षं गेली असतील. आजूबाजूला इमारती उठत होत्या. प्रत्येकीखाली दगड-मातीचा भराव पडायचा, आणि प्रत्येक भरावानंतर काकांचं खाचर जरासं खाली गेल्यासारखं वाटायचं. आम्ही म्हणायचो, वस्ती वाढतेय, बरं झालं, आता एकटं वाटत नाही.

शेवटच्या वर्षीही गौरी गेल्या आणि माईंनी दिवा बंद ठेवला. कंदील आला. गॅलरीतून खाचर हिरवंगार दिसत होतं. मी येता-जाता म्हणायची, "काका, यंदा भात छान आहे." ते "हां" म्हणायचे. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी मी फाटकापाशी पोचले तर काका नेहमीसारखे मागे वळले नाहीत. माई तिथेच बाकावर बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मावशी, लावा आता दिवा."

"अहो, महिना कुठे झालाय?" माई म्हणाल्या.

"लावा. तितं झोपाला कोन न्हाय."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. चारी बाजूंनी भराव झाल्यावर खाचरातलं पाणी निघायला वाटच उरली नव्हती. आषाढात लावलेली रोपं आठ दिवसांत कुजली. दुसऱ्यांदा लावायला बियाणं नव्हतं. आम्ही वरून जे हिरवं बघत होतो तो लव्हाळा होता, दलदलीत आपला आपण उगवलेला. म्हणजे पाच वर्षं त्या वाटेने चालून, वास ओळखायला शिकूनसुद्धा, मी पुन्हा हिरवं बघून खूश झाले होते. आणि आदल्या आठ संध्याकाळी हा माणूस पीक नसलेल्या शेताच्या बांधावर कंदील घेऊन उभा राहिला होता. दिवा बंद होता ना, आणि आम्हाला घरी यायचं होतं.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी भात छान हाय म्हनत व्हतात," काका म्हणाले. "आयकाला बरा वाटाचा."

माईंनी किल्ली माझ्या हातात दिली. मी पेटी उघडली आणि खटका खाली ओढला. तिन्ही खांबांवर आधी जांभळट, मग निळसर उजेड आला. तो पांढरा होईपर्यंत काका कंदील धरून तसेच उभे राहिले. मग खाचर स्पष्ट दिसायला लागलं, पाणी आणि लव्हाळा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. काका खाली वाकले, कंदिलाची खाचराकडची बाजू झाकणारं गोणपाट सोडून नीट घडी केलं, काच वर उचलली आणि फुंकर मारून कंदील विझवला.